दुर्मिळ कॅन्सर निघाला तर: कोल्हापुरातून सुरुवात कशी करायची

दादाच्या गाठीच्या तुकड्याच्या पहिल्या रिपोर्टवर कॅन्सर हा शब्दच नव्हता. ‘स्पिंडल सेल ट्युमर, आयएचसी करावी’ एवढीच ओळ होती (आयएचसी म्हणजे पेशीची जात ओळखायची पुढची चाचणी). घरातल्या पंधरा जणांनी तो कागद वाचला आणि पंधराही जणांनी एकच अर्थ काढला: ट्युमर म्हणजे साधी गाठ, कॅन्सर असता तर तसं लिहिलं असतं. वहिनीनं अंबाबाईला खणानारळाची ओटी भरली, महाद्वार रोडवरून पेढे आणले. त्यात आमचा जवळपास महिना गेला.

दादा शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत सुपरवायझर. २०१८ मध्ये त्याला जठराचा जिस्ट नावाचा ट्युमर निघाला. तेव्हा आमच्या ओळखीत, शेजारात, राजारामपुरीतल्या ओळखीच्या डॉक्टरांच्या पेशंटांत हे नाव ऐकलेला एकही माणूस सापडला नाही. मी डॉक्टर नाही, पतसंस्थेत काम करते. कागद लावणं आणि कागदातली चूक शोधणं एवढंच मला येतं, आणि पुढची तीन वर्षं तेच कामाला आलं. तेव्हा मला कोणीतरी सांगायला हवं होतं ते इथं लिहिते. उदाहरणं जिस्टची आहेत, पण सार्कोमा (स्नायू, चरबी, हाड यांतला कॅन्सर) किंवा न्यूरोएंडोक्राइन ट्युमर (हार्मोन बनवणाऱ्या पेशींचा) असला तरी पायऱ्या साधारण याच.

१. ‘गाठ आहे’ यावर थांबू नका, पूर्ण नाव मिळवा

युरोपात वर्षाला लाखात सहापेक्षा कमी लोकांना होणारा कॅन्सर दुर्मिळ मानतात. असे प्रकार दोनशेच्या आसपास आहेत आणि सगळे एकत्र धरले तर पाच कॅन्सर पेशंटांतला एक तरी त्यांपैकी एखाद्याचा असतो. जिस्ट तर दहा लाखांत वर्षाला दहा-पंधरा जणांना होतो. म्हणजे चांगल्या सर्जननंही तो मोजकेच वेळा पाहिलेला असतो. यात त्यांचा दोष नाही. पण नाव नक्की करण्याची जबाबदारी थोडी आपल्यावरही येते.

नावाला एवढं महत्त्व का? कारण औषध जागेवरून ठरत नाही, पेशीच्या जातीवरून ठरतं. जठराचा नेहमीचा कॅन्सर आतल्या अस्तरातून उगवतो. जिस्ट भिंतीच्या आतल्या पेशींतून वाढतो. पहिल्याला जी केमोथेरपी देतात ती दुसऱ्यावर जवळजवळ चालतच नाही. १९९८ मध्ये जपानी संशोधकांनी यामागचा किट नावाच्या जनुकातला बिघाड दाखवला. त्याआधी असे कितीतरी ट्युमर स्नायूच्या गाठी म्हणून नोंदले जायचे.

दादाला जिस्ट निघाला त्याच वर्षी, २०१८ च्या मार्चमध्ये, इरफान खान यांनी आपल्याला न्यूरोएंडोक्राइन ट्युमर असल्याचं जाहीर केलं होतं. त्यामुळे भेटायला येणारा प्रत्येक पाहुणा विचारायचा, “इरफान खानला झालाय त्यातलाच का ह्यो?” त्यातला नव्हता. दुर्मिळ एवढंच दोघांत सारखं. त्या आजाराला स्कॅनसुद्धा बऱ्याचदा वेगळा लागतो, नेहमीच्या पेट स्कॅनऐवजी डोटाटेट पेट नावाचा. नाव चुकलं की स्कॅन चुकतो, स्कॅन चुकला की पुढचं सगळंच.

इथले सापळे:

- एंडोस्कोपीचा तुकडा नॉर्मल आला म्हणून सुटलो असं समजू नका. दादाचं हिमोग्लोबिन ६.८ वर आलं होतं, शौचाला काळी व्हायची. आतून रक्त गेलं की ती काळी होते, पण लोहाच्या गोळ्यांनीही होते, म्हणून आम्ही ते अंगावर काढलं. एंडोस्कोपीत फुगवटा दिसला, वरवरचा तुकडा घेतला, तो नॉर्मल. जिस्ट अस्तराच्या खाली असतो, तिथपर्यंत तो चिमटा पोचतच नाही. दोन महिन्यांनी सीटी स्कॅनमध्ये नऊ सेंटीमीटरची गाठ दिसली. मग एंडोस्कोपीच्याच नळीला सोनोग्राफी जोडून आतून सुईनं तुकडा घ्यावा लागला.
- ‘सुई लावली की कॅन्सर पसरतो.’ हे तुम्हाला गंगावेशच्या दूध कट्ट्यापासून लग्नाच्या पंगतीपर्यंत सगळीकडे ऐकू येईल. तुकडा कुठून आणि कसा घ्यायचा याचं शास्त्र आहे. ऑपरेशन करणाऱ्या सर्जनच्या सल्ल्यानं घेतला तर त्याची भीती बाळगून निदान टाळण्यात अर्थ नाही.
- नुसत्या एफएनएसीवर समाधान मानू नका. बारीक सुईनं सुट्या पेशी मिळतात. दुर्मिळ आजारात बहुतेकदा जाड सुईचा तुकडा, म्हणजे कोअर बायोप्सी लागते.
- हातापायावरची ‘चरबीची गाठ’ तपासणीशिवाय काढून टाकणं. आमच्या नात्यात कागलच्या एकाच्या मांडीतली गाठ अशीच काढली, बाटलीत घालून त्याला दाखवली आणि फेकून दिली. वर्षाच्या आत ती परत आली, तेव्हा सार्कोमा निघाला. पाच सेंटीमीटरपेक्षा मोठी, खोल असलेली किंवा वाढत जाणारी गाठ असेल तर आधी एमआरआय, मग कोअर बायोप्सी, मगच चाकू. आणि काढलेली कुठलीही गाठ लॅबला गेलीच पाहिजे, फुकटात काढून दिली असली तरी.

२. रिपोर्ट वाचायला शिका

पॅथॉलॉजीचा रिपोर्ट हा सगळ्यात महत्त्वाचा कागद. स्कॅनचे रंगीत फोटो बघायला सगळे जमतात, हा दीड पानाचा कागद मात्र कोणी उघडत नाही. एकदा सावकाश वाचा. प्रत्येक शब्द कळला नाही तरी पुढच्या गोष्टी शोधा.

*पेशीचा आकार.* स्पिंडल म्हणजे चाती. सूत कातायच्या चातीसारख्या लांबुळक्या पेशी दिसल्या एवढंच तो शब्द सांगतो. हे वर्णन झालं, निदान नव्हे. अशा पेशी अनेक आजारांत दिसतात. ‘स्पिंडल सेल’, ‘राउंड सेल’ किंवा ‘पुअरली डिफरन्शिएटेड’ एवढ्यावरच रिपोर्ट संपत असेल तर काम अर्धंच झालंय असं धरा.

*आयएचसी.* तुकड्याच्या पातळ कापांवर वेगवेगळे रंग टाकून पेशीची जात ओळखायची चाचणी. दादाच्या रिपोर्टवर सीडी ११७ पॉझिटिव्ह, डॉग-१ पॉझिटिव्ह, एस-१०० निगेटिव्ह, डेस्मिन निगेटिव्ह असं होतं. ‘पॉझिटिव्ह’ वाचून आमचा मामा दवाखान्याच्या जिन्यातच रडायला लागला. इथं पॉझिटिव्ह म्हणजे वाईट असं नसतं. तो रंग त्या पेशीनं धरला, एवढाच अर्थ. सीडी ११७ आणि डॉग-१ धरले म्हणूनच जिस्ट हे नाव पक्कं झालं, आणि नाव पक्कं झालं म्हणून गोळी मिळाली.

*मायटोटिक काउंट.* पेशी किती वेगानं दुभंगताहेत त्याची मोजणी. जिस्टमध्ये ती सूक्ष्मदर्शकाच्या ५० हाय पॉवर फील्डमध्ये किंवा ५ चौरस मिलिमीटरमध्ये देतात, आणि पाच हा आकडा कळीचा असतो. हा आकडा, गाठीचा आकार, ती जठरात आहे की लहान आतड्यात, आणि ती फुटली होती का, यांवरून आजार परत येण्याचा धोका ठरवतात. न्यूरोएंडोक्राइनमध्ये हेच काम केआय-६७ नावाचा टक्का करतो: ३ टक्क्यांच्या खाली, ३ ते २० आणि २० च्या वर असे त्याचे टप्पे.

*ग्रेड आणि स्टेज.* या दोन शब्दांची गल्लत आम्ही सहा महिने करत होतो. ग्रेड म्हणजे पेशी किती आडदांड आहेत, स्टेज म्हणजे आजार कुठवर पोचलाय. “कितवी स्टेज?” हा पाहुण्यांचा आवडता प्रश्न. काही दुर्मिळ आजारांत त्या आकड्यानं फारसं काही कळत नाही, तिथं ‘धोका किती’ हे विचारायचं.

*जनुकाची तपासणी.* आयएचसीनं जात कळते, जनुकाच्या तपासणीनं औषध आणि डोस. जिस्टमध्ये बहुतेकांना किट जनुकात बिघाड असतो. तो जनुकाच्या एक्झॉन ११ या भागात असेल तर इमॅटिनिब ही जिस्टची गोळी सहसा चांगली चालते, एक्झॉन ९ मध्ये असेल तर जास्त डोसचा विचार करतात, आणि पीडीजीएफआरए जनुकातला डी८४२व्ही नावाचा बदल असेल तर ही गोळी चालत नाही. तपासणीला खर्च येतो. तरी गोळी वर्षानुवर्षं घ्यायची असेल तर आधी ती चालणार का हे बघितलेलं बरं. ही तपासणी आपल्या आजाराला लागते का, एवढं तरी विचाराच.

३. ब्लॉक आणि स्लाइड ताब्यात घ्या

हे कोणीच सांगत नाही, म्हणून जरा लांबण लावते.

तुमच्या शरीरातून काढलेला तुकडा आधी फॉर्मलिनमध्ये टिकवतात आणि मग मेणात बसवतात. त्या मेणाच्या छोट्या वडीला ब्लॉक म्हणतात. ब्लॉकचे कागदाहून पातळ काप काचेवर लावले की झाली स्लाइड. रिपोर्ट हे एका डॉक्टरनं त्या काचेकडे बघून दिलेलं मत. दुसऱ्या मोठ्या हॉस्पिटलात ते तुमचा रिपोर्ट वाचतील, पण विश्वास ठेवतील स्वतः बघितलेल्या स्लाइडवर. म्हणून नुसत्या झेरॉक्स घेऊन मुंबई गाठलीत तर पहिला प्रश्न येईल, “ब्लॉक कुठे आहेत?” आमचं तसंच झालं. तेवढ्यासाठी मी रात्रीच्या गाडीनं परत आले.

परत आल्यावर कळलं की ब्लॉक कोल्हापुरात नाहीतच. जिथं तुकडा घेतला त्यांनी तो बाहेरगावच्या लॅबला पाठवलेला. तो परत यायला बारा दिवस लागले. तुम्ही हे करा:

- तुकडा घेतला त्याच दिवशी विचारा: हा कुठल्या लॅबला जाणार? पावती आणि नोंद क्रमांक लिहून घ्या.
- ब्लॉकसाठी साधा अर्ज लागतो: पेशंटचं नाव, लॅब क्रमांक, ‘दुसऱ्या मतासाठी ब्लॉक व स्लाइड हव्यात’ असं एक वाक्य, सही, आधारची प्रत. तुम्ही जाणार असाल तर पेशंटचं सहीचं पत्रही घ्या.
- हातात पडल्यावर ब्लॉकवरचा क्रमांक आणि रिपोर्टवरचा क्रमांक तिथंच काउंटरवर जुळवा. घरी येऊन नाही.
- ऑपरेशननंतर अनेक ब्लॉक असतात. गाठ कुठल्या ब्लॉकमध्ये चांगली आलीय ते विचारा, आणि सगळेच्या सगळे एकदम कुठं पाठवू नका.
- स्लाइड काचेच्या आहेत, डब्यातूनच न्या. ब्लॉक मेणाचे आहेत, मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. फ्रिजचीही गरज नाही, कपाटात राहतात.
- कुठं जमा केले तर पोच घ्या आणि काम झाल्यावर परत मागा. दोन-तीन वर्षांनी नवीन तपासणी निघाली तर हाच तुकडा लागतो.

४. फाइल लावा

एक जाड प्लास्टिकची बॉक्स फाइल आणि एक दोनशे पानी वही, एवढंच साहित्य. फाइलमध्ये तारखेप्रमाणे, नवीन कागद वर:

- सगळे पॅथॉलॉजी रिपोर्ट, मूळ प्रती
- सीटी, एमआरआय, पेट यांच्या सीडी. नुसत्या फिल्म चालत नाहीत, सीडी मागूनच घ्यायची
- एंडोस्कोपीचा रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड
- ऑपरेशन झालं असेल तर ऑपरेशन नोट. ती वेगळी मागावी लागते, आणि गाठ अख्खी निघाली की फुटली हे त्यातच असतं
- रक्ताचे रिपोर्ट. कॉन्ट्रास्ट (शिरेतून औषध) देऊन सीटी करायचा तर ताजं क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) लागतं
- आधी चालू असलेल्या शुगर-बीपीच्या गोळ्यांची यादी
- आधार, रेशन कार्ड, विमा असेल तर पॉलिसी, पासपोर्ट आकाराचे फोटो

वहीच्या पहिल्या पानावर आजाराची दहा ओळींची हकिगत तारखांसकट लिहा. नवीन डॉक्टरांपुढं तोंडानं सांगायला लागलं की आपण गावच्या जत्रेपासून सुरुवात करतो, आणि वेळ संपतो. मी ते पान इंग्रजीत टाइप करून घेतलं होतं, डॉक्टर ते आधी वाचायचे. सगळ्या कागदांचे फोटो दोन जणांच्या मोबाइलमध्ये ठेवा. आम्ही ज्या महालक्ष्मी एक्स्प्रेसनं ये-जा करायचो तीच २७ जुलै २०१९ ला वांगणीजवळ पुराच्या पाण्यात हजारभर प्रवाशांसह अडकली होती. आम्ही आदल्याच आठवड्यात त्या गाडीनं आलो होतो. तेव्हापासून मूळ कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालूनच फाइलमध्ये जातात.

५. दुसरं मत घ्यायला जा

दुसरं मत म्हणजे पहिल्या डॉक्टरांवर अविश्वास, ही आपल्याकडची समजूत काढून टाका. आमच्या सर्जननीच सांगितलं, “हे मी फार पाहिलेलं नाही, परळला दाखवून या.” असं सांगणारा डॉक्टर भेटला तर त्याला सोडू नका. पुढची सगळी वर्षं तोच कामाला येतो.

कोल्हापुरात कॅन्सरवर उपचार होतात, आणि पुढं रक्त तपासण्या, सीटी, बारीकसारीक त्रास हे सगळं इथंच बघावं. फक्त नाव पक्कं करणं आणि उपचारांची आखणी, या दोन गोष्टी तो आजार वरचेवर बघणाऱ्या ठिकाणी व्हाव्यात. परळचं टाटा मेमोरियल १९४१ पासून चालू आहे. तिथं आजारानुसार डॉक्टरांचे गट आहेत. सर्जन, औषधवाले, रेडिएशनवाले, पॅथॉलॉजिस्ट एकत्र बसून केस बघतात. गर्दी प्रचंड. पहिल्या फेरीत उपचार सुरू होतील या आशेनं जाऊ नका. नोंदणी, स्लाइड जमा, नवीन तपासण्या आणि मग निर्णय, असं धरून आठ-दहा दिवसांची तयारी ठेवा.

जायचं कसं: रात्रीची महालक्ष्मी सकाळी दादरला उतरवते, तिथून परळ जवळ. नोंदणीला सकाळी लवकर पोचा. जनरल की प्रायव्हेट असं विचारतात. डॉक्टरांचा गट तोच, दर आणि सोयी वेगळ्या. आम्ही जनरलमध्ये होतो, थांबावं लागलं, उपचारात कमी काही पडलं नाही. हॉस्पिटलनं ठरलेल्या नमुन्यात दाखला दिला की रेल्वेत कॅन्सर पेशंटला स्लीपर आणि थर्ड एसीचं तिकीट माफ, सोबत्याला ७५ टक्के सवलत. पहिल्या फेरीला दाखला नसतो, परत येताना मात्र न विसरता घ्या.

राहायला नातेवाइकांच्या वन रूम किचनमध्ये आठ दिवस काढण्यापेक्षा दादरची गाडगे महाराज धर्मशाळा किंवा परळची नाना पालकर स्मृती समिती यांच्याकडे चौकशी करा. हॉस्पिटलची पत्रं, केस पेपर लागतो. हॉस्पिटलमधल्या समाजसेवा विभागात बसलेली माणसं हीच माहिती रोज देतात, त्यांना भेटायला लाजू नका.

सोबत कोण जाणार यावर घरात खल चालला होता. वहिनी तोवर कधी कराडच्या पुढं गेलेली नव्हती. ती उठून म्हणाली, “मी जातो की संगट, त्यात काय एवढं?” तिसऱ्या फेरीपर्यंत तिला टाटातले सगळे जिने पाठ होते आणि ती दुसऱ्यांना वाट दाखवत होती.

६. डॉक्टरांपुढची दहा मिनिटं

प्रश्न वहीत लिहून न्या, उत्तरं तिथंच उतरवा. एकानं बोलायचं, दुसऱ्यानं लिहायचं. आम्ही विचारलेले, आणि विचारायला हवे होते असे:

- आजाराचं पूर्ण नाव काय? कागदावर लिहून देता का?
- स्लाइड इथं परत तपासल्या का? निदान तेच आलं का?
- आधी औषध की आधी ऑपरेशन? का?
- औषध आजार घालवण्यासाठी आहे की आटोक्यात ठेवण्यासाठी?
- चालतंय हे कधी आणि कशावरून कळेल?
- नाही चाललं तर पुढं काय?
- यातलं काय कोल्हापुरात करता येईल?
- कुठल्या त्रासाला लगेच दवाखान्यात जायचं?

दादाला आधी सहा महिने गोळी देऊन गाठ आकसवली, मग ऑपरेशन केलं. गावात एकानं आधीच सांगून ठेवलं होतं, “उद्याच्या उद्या कापा.” कापलं असतं तर कदाचित जठर मोठं काढावं लागलं असतं. तातडी आणि घाई यात फरक आहे. रक्तस्राव होत असेल तर तातडी, तेव्हा विचार करत बसू नका. नसेल तर नाव पक्कं व्हायला लागणारे दोन-तीन आठवडे कसे काढायचे ते डॉक्टरांनाच विचारा.

७. पेशंटला सांगा

आम्ही दादाला सांगितलं नव्हतं. दाराबाहेर डॉक्टरांशी कुजबूज, आत आल्यावर ‘अल्सर आहे’. एके दिवशी तो स्वतःच गोळ्या आणायला मेडिकलमध्ये गेला. दुकानदार सहज म्हणाला, “ही ब्लड कॅन्सरची गोळी आहे, कुणाला झालंय?” दादा घरी येऊन कट्ट्यावर बसला. “मला काय कळत न्हाई व्हय? तोंडावर सांगा की.” त्या दिवशी त्याला एका आजाराच्या जागी दोन आजार झाल्याचं वाटलं होतं.

दुकानदाराचं अर्धं खरं होतं. इमॅटिनिब आधी सीएमएल या रक्ताच्या कॅन्सरसाठी आली. २००० साली फिनलंडमध्ये ती पहिल्यांदा जिस्टच्या पेशंटला दिली. तुमच्याही बाबतीत हे होईल: दुर्मिळ आजारांची बरीच औषधं दुसऱ्याच आजाराच्या नावानं ओळखली जातात, आणि मोबाइलवर शोधलं की भलतंच पुढं येतं. म्हणून आजाराचं नाव, गोळीचं नाव आणि ती कशासाठी, या तीन ओळी पेशंटच्या स्वतःच्या खिशात हव्यात.

८. पैसा

थोडक्यात सांगते, कारण नियम बदलतात.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. योजनेतल्या प्रत्येक हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसतो, हेल्पलाइन १५५३८८. ही योजना कॅशलेस आहे. आधी पैसे भरून नंतर परत मिळत नाहीत. उपचार सुरू व्हायच्या आधी मंजुरी घ्यायची, आणि आपला आजार, आपली गोळी पॅकेजमध्ये बसते का हे आरोग्यमित्राला नाव दाखवून विचारायचं. रेशन कार्डावरचं आणि आधारवरचं नाव जुळत नसेल तर ते काम आजच काढा. दादाचं कार्डावर ‘बाळासो’, आधारवर ‘बाळासाहेब’. तलाठी, पुरवठा कार्यालय, ई-सेवा केंद्र अशी माझी रजा संपली.

धर्मादाय हॉस्पिटलांना १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांतल्या पेशंटांसाठी राखाव्या लागतात. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला जवळ ठेवा. तो मुख्यमंत्री सहायता निधीच्या अर्जालाही लागतो, सोबत हॉस्पिटलचं खर्चाचं अंदाजपत्रक. पगारदार असाल आणि जुन्या करप्रणालीत असाल तर आयकरात (१९६१ च्या कायद्यात कलम ८०डीडीबी) ४० हजारांची, ज्येष्ठांना १ लाखापर्यंतची वजावट मिळते. विम्यात तोंडानं घ्यायच्या कॅन्सरच्या गोळ्या धरल्यात का आणि किती मर्यादेपर्यंत, हे पॉलिसीत बघा.

गोळीच्या किमतीला घाबरू नका. मूळ कंपनीची इमॅटिनिब एकेकाळी महिन्याला लाखाच्या वर होती. १ एप्रिल २०१३ ला सुप्रीम कोर्टानं तिचं पेटंट नाकारलं. भारतीय कंपन्यांच्या गोळ्या त्याच्या कितीतरी पट स्वस्त आहेत. छापील किमतीत आणि हॉस्पिटलच्या दुकानातल्या किमतीतही मोठा फरक असतो, चार ठिकाणी विचारा. जिस्ट आणि सीएमएलच्या पेशंटांसाठी फ्रेंड्स ऑफ मॅक्स हा गट आहे. तिथं पहिल्यांदा आम्हाला हे नाव माहीत असलेली माणसं भेटली.

९. गोळ्या सुरू झाल्यावर

- जेवण झाल्यावर, मोठा पेलाभर पाण्याबरोबर. दादानं एकदा चहाच्या घोटाबरोबर उपाशीपोटी घेतली, सगळं उलटून पडलं.
- डोळ्यांभोवती सूज, पायात गोळे, जुलाब हे त्रास बऱ्याच जणांना होतात. डॉक्टरांना सांगा. मनानं एक दिवसाआड गोळी घेणं हा सगळ्यात वाईट उपाय.
- गोळी बरी वाटायला लागल्यावर बंद करायची नसते. ऑपरेशननंतर धोका जास्त असेल तर जिस्टमध्ये तीन वर्षं देतात.
- झाडपाला, काढा, गावठी पुड्या यांपैकी जे घेत असाल ते सांगा. ओरडा बसेल, तरी सांगा. ही गोळी लिव्हरमधून जाते आणि दुसऱ्या औषधांनी तिचं रक्तातलं प्रमाण वरखाली होतं. ग्रेपफ्रूट आणि त्याच्याच कुळातलं पपनस टाळा.
- तांबडा रस्सा चालतो का? हा दादाचा डॉक्टरांना पहिला प्रश्न होता. उत्तर मिळालं, पोट सोसेल तेवढा. पहिलं वर्ष पांढऱ्यावर भागवलं.
- महिनाभराच्या गोळ्या कायम जास्तीच्या ठेवा. ऑगस्ट २०१९ च्या पुरात पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर आलं आणि रस्ता कित्येक दिवस बंद. आमच्या गोळ्या पुण्याहून यायच्या. डब्यात चार उरल्या होत्या. शेवटी शाहूपुरीतल्या एका दुकानदारानं दुसऱ्या गिऱ्हाइकासाठी आणलेलं पाकीट त्याला विचारून आम्हाला दिलं. सात महिन्यांनी लॉकडाऊन लागला तेव्हा कपाटात दोन महिन्यांचा साठा होता.

१०. तपासणीच्या तारखा

उपचार संपले तरी स्कॅन संपत नाहीत. किती महिन्यांनी हे डॉक्टर आजाराच्या धोक्यावरून ठरवतात. तारीख कॅलेंडरवर लिहा, शक्यतो त्याच सेंटरला करा आणि प्रत्येक वेळी जुनी सीडी बरोबर न्या. जुन्याशी ताडून बघितल्याशिवाय ‘नवीन ठिपका’ खरंच नवीन आहे का हे कळत नाही. एकदा आमची सीडी घरी राहिली, रिपोर्टात लिव्हरवर काहीतरी असल्याचं आलं, आणि तीन रात्री कोणी झोपलं नाही. जुन्या स्कॅनमध्ये ते आधीपासूनच होतं, पाण्याची साधी गाठ.

दादाची गोळी बंद झाली, आता फक्त स्कॅन. आदल्या रात्री फाइल तोच काढतो, सीडी मोजतो आणि माझ्याकडे बघून म्हणतो, “लाव तुझा हिशोब.” पुढची तारीख नवरात्राच्या आधीची आहे.